वेतनवाढीचे दुसरे पान

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी एसटी कर्मचाऱ्यांसाठी वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार रुपये, दहा ते वीस वर्षे सेवा झालेल्यांना चार हजार आणि वीस वर्षांहून अधिक काळ स्टिअरिंग वा तिकीटयंत्र हाती धरलेल्यांना अडीच हजार. शिवाय दरमहा दहा तारखेच्या आत पगार देण्याची हमी. ही घोषणा ऐकून राज्यातील सुबुद्ध नागरिकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि आता संप मिटेल असे मानले. संप मिटला नाही. तो पुढे पाच महिने चालला. मग वृत्तपत्रांतून, चौकांतून, चहाच्या टपऱ्यांवरून एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : एवढे देऊनही हे लोक कामावर का येत नाहीत? यांना हवे तरी काय?

प्रश्न चुकीचा नव्हता; पण तो विचारणाऱ्यांनी घोषणेचे पहिले पानच वाचले होते. दुसऱ्या पानावर अट होती. जो दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येईल त्याचे निलंबन मागे, जो येणार नाही त्याच्यावर कारवाई. एका हातात वाढीव पगार आणि दुसऱ्या हातात घरी जाण्याची नोटीस, असा तो प्रस्ताव होता. पुढील काही महिन्यांत दहा हजारांहून अधिक कर्मचारी बडतर्फ झाले. निलंबन, सेवासमाप्ती, बडतर्फी हे शब्द आगाराच्या सूचनाफलकावर रोजचे झाले.

बुलढाणा जिल्ह्यात बसून या प्रकरणाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात रेल्वे आहे, पण ती घाटाखाली आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावर, आणि जलंबहून खामगावला जाणारा एक छोटा फाटा. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांना रेल्वेची शिटी ऐकू येत नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरातही रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता शंभर वर्षे लोटली आणि तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तेव्हा घाटावरच्या माणसाला एसटी ही सोय नसून तीच त्याची रेल्वे, तीच रुग्णवाहिका आणि तीच शाळेची वाट आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला एसटीचा संप म्हणजे दिवाळीच्या सुट्टीची गैरसोय वाटते. इकडे तो संप म्हणजे बारावीच्या मुलीचे घरी बसणे असते.

बुलढाणा विभागात सात आगारे आहेत : बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर, शेगाव आणि जळगाव जामोद. या आगारांत काम करणारा चालक वा वाहक बहुधा याच मातीतला असतो. घरी दोन-चार एकर कोरडवाहू शेती, कपाशी-सोयाबीनचा भरवसा नाही, म्हणून घरातल्या एकाने खाकी चढविलेली. गावात त्याला मान असतो, कारण त्याची नोकरी 'पक्की' असते. मुलीचे लग्न ठरविताना, सोसायटीचे कर्ज काढताना, दुकानातून उधारी घेताना जो विचारला जातो तो पगाराचा आकडा नव्हे, तर नोकरीचा पक्केपणा. पगार कमी आहे हे सर्वांना ठाऊक असते. एसटीचा वाहक गावातल्याच प्राथमिक शिक्षकाच्या मागे किती पडला आहे, हे गाव रोज पाहते. तरीही त्याला पत असते ती पक्केपणामुळे. म्हणूनच पाच हजार आणि बडतर्फी ही जोडी एकाच प्रस्तावात मांडणाऱ्यांना या माणसाच्या आयुष्याचा हिशेब कळलाच नव्हता, असे म्हणावे लागते. पाच हजार त्याला हवेच होते. पण नोकरी टांगणीला लावून दिलेली वाढ त्याला भीतीदायक वाटली.

ही पद्धत २०२१ मध्येच जन्मली असेही नाही. १ जून २०१८ रोजी, एसटीच्या वर्धापनदिनी, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा भव्य होता. वाटाघाटींच्या टेबलावरचा करार मात्र तो नव्हता. आठवडाभरात, ८ आणि ९ जूनला, कर्मचाऱ्यांनी अघोषित संप केला. त्यात सामील झालेल्या एक हजाराहून अधिक नवख्या कर्मचाऱ्यांची सेवा संपविण्यात आली. पुढे त्यांना परत घेण्याचा निर्णय झाला. तेव्हाचे सरकार वेगळ्या रंगाचे होते आणि २०२१ चे वेगळ्या. मालकाच्या खुर्चीत बसल्यावर रंग सारखाच होतो, हे मान्य करण्यास आपल्या बाजूच्या मंडळींनीही संकोच करू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २०१८ मध्ये ही वाढ जाहीर झाली तेव्हा एसटीत एक लाखाहून अधिक कर्मचारी होते. २०२१ च्या संपाच्या वेळी ही संख्या ब्याण्णव हजारांच्या आसपास आली होती. २०२४ साली ती सत्त्याऐंशी हजारांच्या घरात होती. सहा वर्षांत जवळपास पंधरा हजार माणसे कमी झाली, आणि 'नोकरकपात' हा शब्द कोणत्याही मंत्र्याने, कोणत्याही अधिकाऱ्याने एकदाही उच्चारला नाही! कारखान्यात दोनशे माणसे काढली तर फाटकावर मोर्चा येतो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापले जाते. येथे पंधरा हजार जागा गेल्या आणि फटाकाही वाजला नाही. हे कसे घडले?

घडले ते असे. चालक निवृत्त झाला, सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले; त्याच्या जागी कोणी आले नाही. यांत्रिक विभागातला कारागीर गेला, त्याचे काम उरलेल्या दोघांत वाटले गेले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कपात' या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यातून वयोमानानुसार निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे वगळलेल्या होत्या. म्हणजे रिकामी झालेली जागा कायम रिकामी ठेवली तर कायद्याच्या भाषेत काहीच घडलेले नसते. नुकसानभरपाई नाही, परवानगी नाही, नोटीस नाही. मालकाला एवढा सुखाचा मार्ग उपलब्ध असताना त्याने उघड कपातीच्या भानगडीत का पडावे?

करोनाच्या वर्षात याच मार्गाला एक रीतसर नाव मिळाले. २०२० मध्ये महामंडळाने पन्नास वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना पुढे आणली. सुमारे सत्तावीस हजार कर्मचारी त्या वयोगटात येत होते. आता ही योजना आणि पुढच्याच वर्षीची वेतनवाढ शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्यांना घरी जाण्याचा सल्ला दिला गेला ते वीस-पंचवीस वर्षे सेवेतले. आणि वाढीत सर्वांत कमी, म्हणजे अडीच हजार, ज्यांच्या वाट्याला आले तेही तेच. नव्या मुलांचे मूळ वेतन फार कमी होते, ते आधी उचलणे न्याय्यच होते, हा युक्तिवाद मी नाकारत नाही. पण एकाच आगारात, एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांना तीन वेगवेगळे आकडे दिले की तिघे आपापसात मोजदाद करू लागतात आणि रिकाम्या चौथ्या जागेकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. हे हेतुपुरस्सर केले गेले असे सिद्ध करता येणार नाही. परिणाम मात्र तोच झाला.

तिसरी वाट कंत्राटाची. २०१७ पासून शिवशाही गाड्या आल्या. त्यांतील भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर वाहक एसटीचा, चालक खासगी मालकाचा. २०२१-२२ च्या संपकाळात खासगी संस्थांमार्फत कंत्राटी चालक नेमण्यात आले. २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या ५,१५० बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. विजेची गाडी हवीच. डिझेलचा धूर आणि डिझेलचे बिल दोन्ही कमी झालेले कोणाला नको आहे? प्रश्न एवढाच की गाडीसोबत चालकही भाड्याने येत असेल, तर चिखलीच्या वा मेहकरच्या आगारातली ती 'पक्की' जागा कोठे गेली, आणि ती जाताना संघटनेला कोणी विचारले का?

येथे संघटनांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. २०२१ चा संप एका अर्थाने महामंडळाविरुद्ध होता तितकाच प्रस्थापित कामगार संघटनांविरुद्धही होता. वर्षानुवर्षे करार झाले, सह्या झाल्या, हारतुरे झाले आणि आगारातल्या माणसाचा पगार जिथल्या तिथे राहिला. २०१६ ते २०२० या कालखंडाचा विषय मार्च २०२० मध्ये संपला. पुढचा करार वेळेवर झाला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये महागाई भत्ता २८ टक्के करून घेऊन कृती समितीने आंदोलन मागे घेतले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी तिचे ऐकलेच नाही. एकामागून एक आगारे बंद पडत गेली आणि मागणी एकच राहिली : एसटीचे शासनात विलीनीकरण. डिसेंबरात एका संघटनेने संप मागे घेतल्याचे जाहीर केले; कर्मचारी तिलाही सोडून पुढे गेले. सदाभाऊ खोत आणि गोपीचंद पडळकर यांनी २५ नोव्हेंबरलाच आझाद मैदानातून पाय काढता घेतला होता. सूत्रे अॅड. गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे गेली. ज्याने कधी आगाराची नोंदवही पाहिली नाही, ज्याला मुक्कामी गाडी म्हणजे काय हे सांगावे लागेल, अशा बाहेरच्या माणसावर ब्याण्णव हजार कुटुंबांनी भरवसा टाकला. यात त्या माणसाचे कर्तृत्व पाहण्यापेक्षा आतल्या संघटनांची पत किती घसरली होती हे पाहावे.

मराठी कामगाराने हे चित्र पूर्वी एकदा पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. मान्यताप्राप्त संघटनेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, म्हणून ते बाहेरच्या नेत्याकडे गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पगाराची मागणी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या मागे गिरणीतल्या जागाच नाहीशा झाल्या. घाटावरून आणि कोकणातून गेलेल्या कित्येकांना परत गावाकडे यावे लागले. मागणी खरी होती. नेमके काय वाचवायचे आहे, याचा हिशेब मात्र राहून गेला.

एसटीच्या संपातही तसेच झाले. विलीनीकरण म्हणजे सर्व काही. आणि सर्व काही मागताना जागांची गणती मागायचे राहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीचा अहवाल मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात आला आणि त्याने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले. ७ एप्रिलला न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर येण्यास सांगितले आणि कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांना संरक्षण दिले. बडतर्फ झालेले परत आले. त्या पाच-साडेपाच महिन्यांत ज्यांनी कर्जे काढली, दागिने मोडले, ज्या घरांतल्या कर्त्या माणसांनी जीवन संपविले, त्यांची भरपाई कोणत्याही तहात नव्हती.

मग अशा प्रस्तावाला संघटनेने उत्तर तरी काय द्यावे? 'नको' म्हणणे सोपे असते आणि 'घेतो' म्हणणे त्याहून सोपे. दूरचे एक उदाहरण यासाठी उपयोगी पडेल. जर्मनीतल्या फोक्सवॅगन मोटार कारखान्यावर १९९३ साली तीस हजार माणसे कमी करण्याची पाळी आली होती. तिथल्या धातू कामगार संघटनेने माणसे वाचविण्यासाठी आठवड्याचे काम २८.८ तासांवर आणले आणि कमी पगार पत्करला. त्याच कंपनीत डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा करार झाला. यावेळी २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून अधिक जागा कमी होणार हे संघटनेला मान्य करावे लागले, वेतनवाढीवर पाणी सोडावे लागले. पण सक्तीने कोणाला काढायचे नाही आणि कारखाने बंद करायचे नाहीत हे तिने लिहून घेतले. हा करार चांगला होता असे मला सुचवायचे नाही. सांगायचे एवढेच की जागांचा आकडा करारात लिहिलेला होता. कामगाराला आपण काय दिले आणि काय घेतले हे वाचता येत होते.

आपल्याकडे याच्या अगदी उलट झाले ते दूरसंचार निगमात. १ जानेवारी २०१७ पासून देय असलेली वेतनसुधारणा तोट्याचे कारण सांगून अडवून ठेवली गेली, आणि ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८,५६९ कर्मचारी बाहेर पडले. सुधारित पगार मिळणार नाही असे वाटल्यावर माणूस हाती येईल ते घेऊन निघतो. त्याला 'स्वेच्छा' म्हणायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

विदर्भातल्याच आर्वी गावचे दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा राष्ट्राच्या औद्योगिकीकरणाबरोबर 'उद्योगांचे श्रमिकीकरण' असाही शब्द त्यांनी दिला. कामगार हा उद्योगाचा भागीदार आहे, असा त्याचा सरळ अर्थ. भागीदार नफ्याचा वाटा मागतो, पण त्याआधी तो हिशेबाची वही मागतो. एसटीच्या संघटनांनी ही वही मागितली पाहिजे. प्रत्येक आगारात मंजूर पदे किती, भरलेली किती, येत्या चार वर्षांत निवृत्त होणारे किती, त्यांच्या जागी भरती केव्हा, भाड्याच्या गाड्या कोणत्या मार्गांवर आणि त्यांच्यामुळे रिकाम्या होणाऱ्या चालकांचे काय. वेतनवाढीच्या करारात याला परिशिष्ट म्हणून नव्हे, तर पहिल्या कलमाचे स्थान हवे. आणि भागीदार म्हणवून घ्यायचे तर संघटनेनेही आपली बाजू लिहून द्यावी. खाडे, तिकिटांतील गळती, गाडीची निगा याबद्दल आगारात काय चालते हे संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना अधिकाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्याकडे डोळेझाक करून जागांचे रक्षण करता येणार नाही.

जागा कमी झाल्याचे पहिले चिन्ह मंत्रालयात दिसत नाही, ते खेड्यात दिसते. संध्याकाळी गावात येऊन चावडीजवळ रात्रभर उभी राहणारी आणि पहाटे दूधवाले, बाजारकरू, शाळकरी मुले घेऊन तालुक्याला जाणारी मुक्कामी गाडी आधी बंद होते. दुपारची फेरी मग आठवड्यातून दोनदा रद्द होते आणि फलकावर 'चालक उपलब्ध नाही' एवढेच लिहिलेले असते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास मिळू लागला. या सवलती स्वागतार्हच. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्या म्हाताऱ्या आयाबायांच्या चेहऱ्यावरचा आनंद आपण पाहिला आहे. पण त्याच काळात ताफा पूर्वीच्या साडेअठरा हजार गाड्यांवरून पंधरा हजारांच्या आसपास घसरला. प्रवासी वाढले, गाड्या घटल्या, माणसे घटली. आणि खचाखच भरलेल्या गाडीत तिकिटे फाडणाऱ्या वाहकावर प्रवासी चिडतात. त्याची डबल ड्यूटी कोणाला दिसत नाही.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. 'मानव विकास'च्या निळ्या गाड्या त्यांच्यासाठीच आल्या. पास फुकट आणि गाडीला चालक नाही, या अवस्थेत मोफत पासाचा अर्थ काय उरतो, हे जिजाऊंच्या सिंदखेड राजा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवस्तीवरच्या बापाला विचारावे. तो कोणत्याही कामगार संघटनेचा सभासद नाही. वेतन कराराच्या बैठकीत त्याच्यासाठी खुर्ची नसते. तरी रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक जागेची किंमत शेवटी तोच चुकवितो. संपाच्या काळात हा माणूस संपकऱ्यांवर रागावला होता, आणि ते साहजिक होते. कारण त्याला कोणी सांगितलेच नाही की भांडण त्याच्या गाडीचेही आहे. पगारासाठी भांडणाऱ्याकडे गाव सहानुभूतीने पाहते, गावाच्या फेरीसाठी भांडणाऱ्याच्या मागे ते उभे राहते. हा फरक आमच्या कामगार नेत्यांना का उमगत नाही, देव जाणे.

सप्टेंबर २०२४ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर पुन्हा संप झाला. दोन दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तोडगा काढला. एप्रिल २०२० पासून मूळ वेतनात सरसकट ६,५०० रुपये. २०२१ च्या तीन पायऱ्या त्यामुळे एका पातळीवर आल्या : पाच हजारवाल्याला आणखी दीड, चारवाल्याला अडीच आणि अडीचवाल्याला चार हजार. ज्येष्ठांवरचा अन्याय दूर झाला, ही समाधानाची गोष्ट आहे आणि ती संघटनांनी एकत्र येऊन मिळविली, हे अधिक समाधानाचे. वर्तमानपत्रांत गाजला तो ६,५०० चाच आकडा. सत्त्याऐंशी हजारांचा आकडा आतल्या पानावर, बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होता. पुढच्या करारासाठी मागणीपत्र लिहिताना बुलढाणा विभागाच्या सातही आगारांतल्या पदाधिकाऱ्यांनी तो परिच्छेद कापून समोर ठेवावा आणि आपापल्या आगाराच्या बंद पडलेल्या मुक्कामी गाड्यांची नावे, गावांसह, त्याच्या खाली लिहावीत.